वावडं कुठे असतं: मनात की रक्तात?

मागच्या वेळी आपण घटसर्पाच्या सीरमपर्यंत आलो होतो. शरीर स्वतःचं रक्षण कसं करतं, हा त्या व्याख्यानाचा विषय होता. आज त्याच यंत्रणेची दुसरी बाजू पाहायची आहे. जे रक्षण करतं तेच कधी कधी अंगावर उलटतं, याचा हा इतिहास आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नाही. तेव्हा औषधाची चिठ्ठी आमच्याकडून कुणी मागू नये. पण ‘अमुक गोष्ट खरी आहे हे आपण कशावरून ठरवतो’ हा प्रश्न आमच्या घरचा आहे, आणि ॲलर्जीच्या इतिहासात तो पानोपानी भेटतो.

मराठीत एक नेमका शब्द आहे: वावडं. ‘आमच्या हिला वांग्याचं वावडं आहे’ असं आपण सहज म्हणतो. गंमत अशी की त्याच तोंडाने ‘अमक्या पुढाऱ्याला सत्याचं वावडं आहे’ असंही म्हणतो. म्हणजे शरीराला न मानवणं आणि मनाला न आवडणं, दोन्ही एकाच शब्दात बसवलं. पंगतीत वांगं नको म्हणणाऱ्या सुनेकडे सासू ज्या नजरेनं पाहायची, तिच्यात हाच संशय असायचा: खरंच सोसत नाही, की नखरे? अंगावर गांधी उठल्या तर ‘पित्त उठलं’ म्हणायचं, आमसुलाचं पाणी लावायचं आणि विषय संपवायचा. पण गांधी तरी डोळ्यांना दिसतात. नुसती शिंक, नुसता घशातला खवखवाट कुणाला दाखवणार?

हा संशय फक्त आपल्याकडचा नव्हता. १८१९ साली लंडनमध्ये जॉन बोस्टॉक या वैद्याने एका रुग्णाची हकिगत वाचून दाखवली. रुग्णाचं नाव जे. बी., वय ४६. दर वर्षी उन्हाळा सुरू झाला की डोळे चुरचुरतात, शिंकांवर शिंका येतात, छाती भरते. हे जे. बी. म्हणजे खुद्द बोस्टॉकच. पुढल्या नऊ वर्षांत शोध शोध शोधून त्यांना आणखी जेमतेम २८ रुग्ण सापडले. उन्हाच्या झळेमुळे हे होतं, असं त्यांचं मत होतं. खरं कारण सापडलं ते अर्ध्या शतकानंतर. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ साली पुस्तक लिहून दाखवलं की हे परागकणांचं काम आहे. त्यांनी चिकट लेप दिलेल्या काचपट्ट्या पतंगाला बांधून आकाशात सोडल्या आणि उंचावर किती पराग तरंगतात ते मोजलं. स्वतःच्या हातावर ओरखडा काढून त्यावर पराग चोळले. तिथे खाज सुटली, गांध उठली. आजही त्वचाचाचणी साधारण याच रीतीने होते. ब्लॅकलींनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली: गवतात दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्यांना हा आजार जवळजवळ होत नाही, तो होतो शिकल्यासवरल्या, सुखवस्तू माणसांना. हे निरीक्षण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण याच निरीक्षणाने घोटाळाही केला. आजार सुखवस्तूंचा, म्हणजे तो नाजूक मज्जातंतूंचा, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड यांनी १८७६ साली तसं पुस्तकच लिहिलं. आणि १८८६ साली बाल्टिमोरच्या जॉन मॅकेन्झी यांनी एक प्रयोग केला, तो तर फार प्रसिद्ध आहे. त्यांच्या एका रुग्ण स्त्रीला गुलाबाचा त्रास होता. गुलाब जवळ आला की शिंका, नाक चोंदणं, दम लागणं. मॅकेन्झींनी पडद्याआडून एक हुबेहूब बनवलेला खोटा गुलाब काढला आणि हातात धरला. थोड्याच वेळात बाईंना सगळा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी सांगितलं, बाई, हा खोटा आहे. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी फूल हातात घेऊन तपासून पाहिलं.

मित्रहो, तर्कशास्त्र शिकवणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रयोग सोन्यासारखा आहे, आणि धोकादायकही. खोट्या गुलाबाने शिंका येऊ शकतात, एवढंच त्यातून सिद्ध होतं. खऱ्या गुलाबाने येणाऱ्या शिंका खोट्या असतात, हे काही सिद्ध होत नाही. चिंचेचं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं, म्हणून चिंच आंबट नसते असं थोडंच आहे? पण ही उडी पुष्कळांनी मारली. ‘सगळं मनाचं आहे’ हे वाक्य दम्याच्या, शिंकांच्या, गांधींच्या रुग्णांनी, विशेषतः बायकांनी, पुढे कितीतरी वर्षं ऐकलं. आजही ऐकतात.

आता रक्ताकडे वळू.

१९०१ सालचा उन्हाळा. मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर हे समुद्रशास्त्राचे मोठे शौकीन. त्यांच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ निघाले. फिसेलिया नावाचा निळ्या फुग्यासारखा सागरी जीव असतो, त्याच्या विषाचा अभ्यास करायचा होता. पॅरिसला परतल्यावर फिसेलिया मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रफुलाचं विष घेतलं. कल्पना साधी होती: कुत्र्याला आधी थोडं विष द्यायचं, मग त्याला ते सोसेल, लसीचंच तत्त्व. नेपच्यून नावाचा एक धडधाकट कुत्रा होता. पहिल्या मात्रेने त्याला काही झालं नाही. तीनेक आठवड्यांनी तेवढीच मात्रा पुन्हा दिली. काही सेकंदांत तो धापा टाकू लागला, कोसळला आणि अर्ध्या तासाच्या आत मेला. विष तेच, प्रमाण तेच, कुत्रा तोच. फरक इतकाच की आता त्याच्या शरीराला त्या विषाची ओळख होती. ‘प्रोफिलॅक्सिस’ म्हणजे रक्षण. याच्या उलट म्हणून रिशे यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द बनवला. १९१३ चं नोबेल त्यांना यासाठी मिळालं. जाता जाता सांगतो, हेच रिशे आत्म्यांना बोलावण्याच्या बैठकांनाही बसत आणि ‘एक्टोप्लाझम’ हा शब्दही त्यांचाच. माणसाच्या डोक्यात किती खोल्या असतात ते पाहा.

त्याच सुमारास व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे दोन बालरोगतज्ज्ञ घटसर्पाच्या मुलांना घोड्याचं सीरम देत होते. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरतं ते पिवळसर पाणी. त्याने मुलं वाचत, पण आठ-बारा दिवसांनी काहींना ताप येई, गांधी उठत, सांधे दुखत. पुढे कधी दुसऱ्यांदा सीरम द्यावं लागलं, तर हाच त्रास फार लवकर, कधी त्याच दिवशी होई. आता हे पिर्के मुळात धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकलेले. वैद्यकाकडे मागाहून आले. (आमच्या खात्यातली माणसं अशी बाहेर जाऊन नाव काढतात.) त्यांनी विचारलेला प्रश्न खरोखर तत्त्वज्ञाचा आहे: मधले दिवस कशासाठी? सीरम विषारी असतं तर त्रास लगेच व्हायला हवा होता. मग त्या दिवसांत शरीरच काहीतरी तयार करत असलं पाहिजे, आणि त्रास होतो तो बाहेरून आलेल्या पदार्थाने नव्हे, तर त्या पदार्थाच्या आणि शरीराने बनवलेल्या द्रव्याच्या भेटीने. १९०६ साली त्यांनी शब्द दिला: ‘ॲलर्जी’, म्हणजे बदललेली प्रतिक्रिया. त्यांच्या मनात ती चांगलीही असू शकत होती आणि वाईटही. लसीने येणारी ताकद आणि सीरमने येणारा आजार, दोन्ही ‘ॲलर्जी’च. पुढे लोकांनी शब्दाचा अर्धा अर्थ ठेवला आणि अर्धा टाकून दिला.

पण गवताच्या परागांनी शिंकणारी माणसं, मासे खाऊन सुजणारी माणसं, यांचं काय? त्यांना कुणी सुई टोचली नव्हती. त्यांच्या रक्तात काही आहे, हे कसं दाखवणार?

पहिली खूण मिळाली ती अपघाताने. १९१९ साली न्यूयॉर्कच्या रामिरेझ या डॉक्टरांनी एक हकिगत छापली. एका माणसाला पंडुरोगासाठी रक्त दिलं होतं. दोनेक आठवड्यांनी तो सेंट्रल पार्कमध्ये घोडागाडीतून फिरायला गेला आणि त्याला दम्याचा झटका आला. पूर्वी कधीच दमा नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं, रक्त देणाऱ्याला घोड्याचा दमा होता. रक्ताबरोबर वावडंही गेलं होतं.

आणि मग १९२१. जर्मनीतलं ब्रेस्लाऊ शहर, आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर हे दोघे सहकारी. प्राउस्निट्झना परागांचा त्रास, मासे मात्र बिनधास्त खात. क्युस्टनर स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यांना शिजवलेल्या माशाचं जबरदस्त वावडं. कच्च्या माशाने काही होत नसे, शिजवलेला पोटात गेला की अर्ध्या तासात खाज, गांधी, शिंका, खोकला, उलट्या. इथपर्यंत ही क्युस्टनर यांची साक्ष. कुणी म्हणू शकलं असतं, तुमच्या मनात माशाची भीती बसली आहे. आता त्यांनी काय केलं? क्युस्टनर यांच्या रक्तातलं सीरम काढलं, त्याचा एक दशांश घनसेंटिमीटर इतका थेंब प्राउस्निट्झच्या पोटाच्या कातडीत टोचला आणि एक दिवस थांबले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत तिथे लाल वर्तुळ उमटलं, मध्ये पांढरी गांध, खाज. पोटावर इतरत्र तोच अर्क टोचला, तिथे काहीही नाही.

जरा थांबून याचा अर्थ पाहू, कारण आमच्या मते वैद्यकाच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर युक्तिवादांपैकी हा एक आहे. खर्च एका सुईचा. प्राउस्निट्झना माशाची भीती नाही, आठवण नाही, मासे खाण्याची सवय आहे. त्यांच्या पोटावरच्या तेवढ्याच वाटोळ्या तुकड्याला वावडं आलं. उरलेलं शरीर पूर्वीसारखंच. मनाचे खेळ असते तर ते रुपयाएवढ्या कातडीत कसे मावले असते? मित्राचं मन तर थेंबातून टोचता येत नाही. म्हणजे जे गेलं ते रक्तातलं द्रव्य होतं. क्युस्टनर खरं बोलत होते, याला साक्षीदार मिळाला तो दुसऱ्याच्या पोटावर.

उलट दिशेचा प्रयोग, म्हणजे प्राउस्निट्झचं परागांचं वावडं सीरममधून दुसऱ्याला देणं, त्यांना त्या वेळी जमला नाही, आणि तसं त्यांनी निबंधात प्रामाणिकपणे लिहिलं. प्राउस्निट्झ यांना १९३३ साली हिटलरच्या राजवटीत जर्मनी सोडावा लागला. इंग्लंडमधल्या वाइट बेटावर ते साधे फॅमिली डॉक्टर म्हणून राहिले.

या चाचणीला ‘पी-के’ असं दोघांच्या आद्याक्षरांचं नाव पडलं आणि तिने पुढे नवल नवल गोष्टी दाखवल्या. ब्रुकलिनच्या मॅथ्यू वॉल्झर यांनी १९२७ साली निरोगी माणसांच्या कातडीत माशाचं वावडं असलेल्या रुग्णाचं सीरम टोचलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मासे खायला दिले. थोड्या वेळात टोचलेली जागा खाजू लागली. खाल्लेला पदार्थ सगळा पचून, त्याचे तुकडे होऊन मगच रक्तात जातो, असं तोवर पुस्तकांत होतं. इथे कातडीच सांगत होती की माशाचं काही प्रथिन अख्खंच रक्तात पोचलं.

पण ते द्रव्य कोणतं? कोका या अमेरिकन संशोधकांनी त्याला ‘रिॲजिन’ म्हटलं. नाव ठेवलं, ओळख पटली नाही. घराण्यात चालत येणाऱ्या अशा प्रवृत्तीला कोका आणि कुक यांनी १९२३ साली ‘ॲटोपी’ म्हटलं. हा शब्द त्यांना कोलंबिया विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी सुचवला. ‘ॲटोपॉस’ म्हणजे विलक्षण, कुठेच न बसणारा. प्लेटोच्या संवादांत हे विशेषण सॉक्रेटिसला लावलेलं आहे. अथेन्सला ज्याचं वावडं होतं, त्याचंच विशेषण शिंकणाऱ्यांच्या वाट्याला यावं, हा योगायोग आम्हाला फार आवडतो.

रिॲजिन सापडत नव्हतं, कारण ते फार थोडं होतं. रक्तात जी नेहमीची प्रतिपिंडं असतात, त्यांतल्या मुख्य प्रकाराच्या तुलनेत हे साधारण एक लाखांश. १९६६ साली अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने ते पकडलं. रॅगवीड नावाच्या तणाच्या परागांचं वावडं असलेल्यांचं सीरम घेऊन त्यांनी त्यातलं रिॲजिनने भरलेलं अंश वेगळं केलं, ते सशांना टोचलं आणि सशांनी त्याविरुद्ध बनवलेल्या प्रतिपिंडांतून आधीच माहीत असलेल्या प्रकारांविरुद्धची सगळी काढून टाकली. उरलं ते फक्त अनोळखी द्रव्याला पकडणारं. म्हणजे चोर दिसत नसेल, तर आधी गावातल्या सगळ्या ओळखीच्या माणसांना बाहेर काढायचं. आणि प्रत्येक पायरीवर पडताळा घ्यायचा तो माणसाच्या कातडीवरच, पी-के चाचणीने, कारण दुसरा उपाय नव्हता.

तिकडे स्वीडनमध्ये उप्सालाला गुन्नार योहान्सन आणि हान्स बेनिख यांना वेगळ्याच वाटेने तीच गोष्ट मिळाली. मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग. त्यात एकाच प्रकारचं प्रतिपिंड भरमसाट बनतं. त्यांच्या एका रुग्णाच्या रक्तातलं प्रतिपिंड माहीत असलेल्या कोणत्याच प्रकारात बसेना. डेन्व्हरमध्ये लाखांश शोधत होते. उप्सालाला तेच द्रव्य एका मरणासन्न माणसाच्या रक्तात भरभरून होतं. दोन्ही गटांनी आपापले नमुने ताडून पाहिले, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये लोझानला जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याला ‘आयजीई’ हे नाव ठरलं. प्रतिपिंडांचा हा पाचवा वर्ग. या शोधाला नोबेल मिळालं नाही. का मिळालं नाही, हे आम्हाला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आता मागचे सगळे प्रयोग उलगडतात. पहिल्या भेटीत शरीर त्या पदार्थाविरुद्ध आयजीई बनवतं. हे आयजीई रक्तात दोन-तीन दिवसच टिकतं, पण कातडीतल्या, नाकातल्या, आतड्यातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसलं की कित्येक आठवडे हलत नाही. या मास्ट पेशी पाउल एर्लिख यांनी १८७८ साली आपल्या प्रबंधात वर्णन केल्या होत्या. त्यांच्यात हिस्टामिन असतं हे रायली आणि वेस्ट यांनी दाखवायला १९५०चं दशक उजाडलं. दुसऱ्या भेटीत तोच पदार्थ शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरतो आणि पेशी आपलं हिस्टामिन ओतून मोकळी होते. म्हणून नेपच्यून दुसऱ्या वेळी मेला. म्हणून ब्रेस्लाऊमध्ये एक दिवस थांबावं लागलं: सीरमला मास्ट पेशींवर बसायला वेळ द्यायचा होता.

मग निसर्गाने हे दिलं कशाला? बहुसंख्य शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की जंतांसाठी. पोटात जंत असलेल्यांचं एकूण आयजीई खूप वाढलेलं असतं. आपल्या देशात नुसता ‘आयजीई जास्त’ एवढा रिपोर्ट पाहून ॲलर्जी म्हणता येत नाही, ते याचसाठी.

आणि सगळंच वावडं आयजीईचं नसतं. याचं उदाहरण पुण्याच्या दारात आहे: गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो. १९५०च्या दशकात ते पुण्यात प्रथम नोंदलं गेलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. तण उपटणाऱ्या शेतकऱ्यांच्या मानेला, पापण्यांना, कोपराच्या खोबणीत जी जाड, काळपट, खाजरी कातडी येते, ती या गवतामुळे. पण ती काही मिनिटांत येत नाही, दिवस-दोन दिवसांनी येते, आणि तिचं वावडं सीरममधून दुसऱ्याला देता येत नाही. अशा प्रकारचं वावडं रक्तातल्या पाण्यातून नव्हे, पेशींमधून जातं, हे लँडस्टायनर आणि चेस यांनी १९४२ साली गिनीपिगवर दाखवलं होतं. म्हणजे ‘रक्तात आहे’ एवढं म्हणून भागत नाही. रक्तातल्या कशात, हेही विचारावं लागतं. आणि गंमत पाहा, हेच गाजरगवत डेन्व्हरच्या त्या रॅगवीडचं चुलतभावंड आहे, एकाच कुळातलं; त्याच्या परागांनी काहींना शिंकाही येतात. त्या मात्र आयजीईच्या.

१९६७ सालीच उप्सालाच्या गटाने चाचणी काढली: पदार्थ एखाद्या घन आधारावर बांधायचा, रुग्णाचं सीरम घालायचं, धुवायचं आणि त्या आधाराला चिकटून किती आयजीई उरलं ते किरणोत्सारी खुणेने मोजायचं. दुसऱ्याच्या पोटाची गरज उरली नाही. बरंच झालं, कारण सीरम टोचण्यातून काविळीचा संसर्ग होऊ शकतो हे तोवर कळलं होतं.

पण आता पारडं दुसरीकडे झुकलं. आमच्या इमारतीत आठ वर्षांची एक मुलगी आहे. शिंका येतात म्हणून रक्त तपासलं. चाळीस पदार्थांचा रिपोर्ट आला. दूध, अंडं, गहू, शेंगदाणा यांपुढे लाल खुणा. ती चारही गोष्टी रोज खात होती आणि काही होत नव्हतं. घरच्यांनी सगळं बंद केलं. सहा महिन्यांत मुलीचं वजन उतरलं, शिंका तशाच. पूर्वी रुग्ण सांगे आणि कुणी मानत नसे. आता रक्त सांगतं आणि मुलीच्या रोजच्या ताटाची साक्ष कुणी काढत नाही. रक्तात आयजीई असणं ही एक गोष्ट आणि त्या पदार्थाने त्रास होणं ही दुसरी. पहिली असून दुसरी नसणारी माणसं पुष्कळ आहेत. शिवाय उगाच बंद करणं निरुपद्रवी नसतं. लंडनला गिडिऑन लॅक यांच्या गटाने ६४० तान्ह्या मुलांवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आधीच इसब किंवा अंड्याचं वावडं असलेली ही मुलं. ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याचं वावडं सुमारे ३ टक्के. ज्यांना टाळायला लावलं, त्यांच्यात सुमारे १७ टक्के. ब्लॅकलींचे गवतातले शेतकरी इथे आठवावेत.

त्या मुलीला शेवटी मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि मुलीला विचारलं, काय खाल्लं की काय होतं? मग देखरेखीखाली, औषधं हाताशी ठेवून, एकेक पदार्थ चिमटी चिमटीने खाऊ घातला. हे घरी करायचं नाही, हे पुन्हा सांगतो. नेपच्यून विसरू नका. याची काटेकोर रीत १९७० च्या दशकात चार्ल्स मे यांनी डेन्व्हरलाच बसवली: पदार्थ कॅप्सूलमध्ये भरायचा, दुसऱ्या कॅप्सूलमध्ये काहीतरी निरुपद्रवी, आणि कोणत्या कॅप्सूलमध्ये काय आहे ते ना रुग्णाला ठाऊक, ना समोर बसलेल्या डॉक्टरला. मॅकेन्झींच्या पडद्याआड फक्त रुग्णाला ठेवलं होतं. इथे डॉक्टरही पडद्याआड गेला. मुलगी आता दूध-पोळी खाते. शिंका घरातल्या धुळीच्या होत्या.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.